बाकावरच्या सहा रेघा

मी एक जुना बाक आहे. तुमच्या शाळेच्या पडवीत, पाण्याच्या टाकीशेजारी उभा असतो ना, तोच. मित्रांनो, तुम्ही माझ्यावर दप्तरं आपटता, डबे खाता, कर्कटकानं नावं कोरता. त्याचा मी राग धरलेला नाही. म्हणजे थोडासा धरला आहे. बाभळीचं लाकूड आहे मी, कितीही गिळला तरी थोडा राग उरतोच.

माझ्या मागच्या कडेवर पांढऱ्या रंगाच्या सहा रेघा आहेत. त्यांवरून तुम्ही मधल्या सुट्टीत भांडता. कोणी म्हणतं, गुरुजींनी मोजपट्टी शिकवायला त्या आखल्या. कोणी म्हणतं, कसल्या तरी खेळाच्या आहेत. परवा तर एकानं, हा बाक पोलीस ठाण्यातून आलाय, अशी थाप मारली. आता मात्र माझ्याच्यानं राहवत नाही. त्या रेघा कोणी मारल्या आणि का मारल्या, ते आज सांगूनच टाकतो.

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या एका बांधावर एक बाभूळ होती. वादळात ती पडली. प्रभू सुतारानं तिचं चांगलं जाड लाकूड गाडीच्या कामाला काढलं आणि उरल्यासुरल्या फळ्यांतून मला घडवलं. जीपच्या थांब्यावरच्या हॉटेलवाल्यानं बाकाची मागणी दिली होती. तो मला न्यायला आला आणि कपाळाला आठ्या घालून उभा राहिला.

"अरं, हे काय बाक हाय? दोन मान्सं टेकली की संपला. माह्या हाटेलात दोनच गिऱ्हाइकं येतेत का?"

"लाकूड व्हतं तेवढा झाला," प्रभू म्हणाला. "आता वढून लांब करू का?"

हॉटेलवाला मला न घेताच गेला. लांबीनं मी जेमतेम सात विती. दोघांना ऐसपैस, तिघांना दाटीवाटीनं. पुढं वर्षभर मी सुताराच्या छपरात पडून होतो आणि कोंबड्या माझ्यावर बसून नको ते उद्योग करत होत्या. आपला जन्म फुकट गेला, असंच मला वाटायचं.

शहाण्णव साल होतं. हिंगोली तेव्हा जिल्हा झाली नव्हती, परभणीतच मोडत होती. एके दिवशी साध्या सुती साडीतल्या एक बाई छपरात आल्या. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "यावर किती माणसं बसतात?"

प्रभू ओशाळून म्हणाला, "दोन. रेटून तीन."

बाई हसल्या. "मला दोनच बसवायची आहेत."

मित्रांनो, ज्या खोटीपायी मला नाकारलं होतं, तिच्याचपायी मला मान मिळाला. त्या बाई म्हणजे साधनाताई. समाजकार्याचं शिक्षण घेऊन त्यांनी कळमनुरीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. वर पत्रे, दारात कडुनिंब आणि भिंतीवर पाटी : 'कुटुंब सल्ला केंद्र'. लोक मात्र त्याला 'भांडणाचं ऑफिस' म्हणायचे. ज्या नवरा-बायकोचं बिनसलं असेल ती तिथं यायची. साधनाताई दोघांना माझ्यावर बसवायच्या, स्वतः समोर स्टूल घेऊन बसायच्या आणि ऐकायच्या. बोलायच्या फार कमी. पहिले काही दिवस मला वाटलं, या बाईंना काही येत नसावं. मग कळलं की ऐकणं हेच त्यांचं काम होतं आणि ते सोपं नव्हतं.

त्यांची एक खास पद्धत होती. माझ्या मागच्या कडेवर त्यांनी विती-वितीवर खडूच्या रेघा मारल्या. खडू पुसला जायचा म्हणून पुढं पांढऱ्या रंगानं त्या पक्क्या केल्या. जोडपं बसलं की दोघांच्या मधे किती जागा सुटली, हे त्या बोलता बोलता बघून ठेवायच्या आणि ती उठून गेली की वहीत लिहायच्या : पहिली भेट, तीन वीत. दुसरी भेट, दोन. तोंडानं माणूस काहीही बोलेल, पण बसताना तो खोटं बसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. महिन्यातून एकदा नांदेडहून व्यंकटराव सर यायचे. ते कॉलेजात मानसशास्त्र शिकवत आणि नवरा-बायकोचं कशामुळं जमतं, कशामुळं मोडतं, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. साधनाताईंची वही पाहून ते म्हणाले, "मॅडम, असं मोजमाप मी आजवर कुठं पाहिलं नाही." लाकूड पावसानं फुगतं, त्या दिवशी मी कौतुकानं फुगलो.

सरांचं स्वतःचं हत्यार वेगळं होतं. त्यांच्याकडं चाळीस प्रश्नांचा छापील कागद असायचा. 'आपण उभयता दिवसातून किती वेळ संवाद साधता?' असा त्यातला एक प्रश्न. त्यावर सेनगावकडचा एक गडी गोंधळून म्हणाला, "सर, आमी एकाच घरात ऱ्हातो. संवाद साधायची पाळीच आली न्हाई." सरांनी तेही प्रामाणिकपणे लिहून घेतलं.

सगळीच नाती सांधली गेली असं समजू नका. एकदा एक जोडपं अगदी चिकटून बसलं, मधे बोटभरही जागा नव्हती. पण त्या माणसानं पदराआड बायकोचं मनगट आवळून धरलं होतं. साधनाताईंनी ते ओळखलं. त्या बाईला त्यांनी नवऱ्याच्या घरी परत पाठवलं नाही, माहेरी सुखरूप पोचवलं. जोडणं जमत नसेल तिथं नीट सोडवणं, हेही त्यांच्याच कामात बसायचं. इतक्या हुशार बाई, पण त्यांच्याही हातून एकदा मोठी चूक होता होता राहिली. माझी खरी गोष्ट तीच आहे.

त्याआधी चंद्रभागाबाईंची ओळख करून देतो. त्या केंद्रात झाडलोट करायच्या, पाणी भरायच्या. सारा जन्म मेंढरांमागं गेलेला. नवरा वारल्यावर कळमनुरीत लेकीकडं येऊन राहिल्या होत्या. अक्षरओळख नव्हती. पण रोज सकाळी मला ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि वर्षातून दोनदा जवसाचं तेल लावायच्या. माझ्या अंगावर कुठं काय आहे, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या श्रावणात शिवहार आणि दीपमाला आले. शिवहारच्या घरी मेंढरं आणि शेळ्या होत्या. दिवाळी झाली की तो कळप घेऊन लांब चरायला जायचा आणि मिरगाला परतायचा. लग्नाला दोन वर्षं झाली होती. दीपमाला सहा महिन्यांपासून जवळा बाजारला माहेरी निघून गेली होती. बाजाराच्या दिवशी तिचा भाऊ तिला केंद्राच्या दारात सोडून जायचा. शिवहारला घेऊन त्याचे वडील संपतराव यायचे आणि दाराशेजारच्या खुर्चीत पागोटं सावरून बसायचे. घरातलं वडीलधारं माणूस हजर असावं, असा केंद्राचा नियमच होता.

दीपमालाची तक्रार एकच होती. "मी सात दिस तापानं फणफणले व्हते. जगते का मरते, आसं झालतं. ह्यायनी येऊन तोंड बी दावलं न्हाई. ज्याला माही गरज न्हाई, त्याच्या घरी काहून नांदू?"

साधनाताई शिवहारकडं बघायच्या. शिवहार बापाकडं बघायचा. उत्तर संपतराव द्यायचे. "मेंढरं वाऱ्यावर टाकून येता येतं का बाई? लांडगं टपून ऱ्हातेत."

आणि एक गोष्ट साधनाताईंना खटकत होती. दीपमाला माझ्यावर बसतच नव्हती. आत आली की सरळ जमिनीवर बसायची, पदर पुढं ओढून, मान खाली घालून. "वर बसा ना, दीपमाला," असं साधनाताई दर खेपेला म्हणायच्या. ती मान हलवायची आणि आणखी आकसायची. तीन भेटी अशाच गेल्या. सर वही चाळून म्हणाले, "तीन वीत नाही, चार वीत नाही. ही मुलगी त्याच्याशेजारी बसायलाच तयार नाही. यापेक्षा स्पष्ट आणखी काय हवं?"

साधनाताईंनी जड मनानं वहीत लिहिलं, 'नातं तुटलं आहे.' दोन्ही घरांनी सांगून ठेवलं होतं, "बाई म्हनतील तसं करू." म्हणजे पुढच्या बाजारी बाईंनी तोंड उघडलं की फारकत ठरलेली.

मित्रांनो, तेव्हा माझा जीव कसा तळमळला म्हणून सांगू! कारण खरं काय ते मला माहीत होतं. दीपमाला जमिनीवर बसायची ती माझ्या उजव्या पायाला पाठ टेकून. बोलणं वाढलं की हळूच डोकंही टेकायची. आणि शिवहार, अख्खा बाक रिकामा असताना, सरकत सरकत त्याच उजव्या कडेला यायचा. दोघांच्या मधे माझ्या फळीची जाडी तेवढी असायची. हे मी कुणाला सांगणार? लाकडाला तोंड नसतं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या बाकपणाचा वैताग आला.

फारकतीच्या भेटीला एक दिवस उरला होता. चंद्रभागाबाई मला पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या. वाकून माझा उजवा पाय बघितला, मग वरची कड बघितली. आणि हाक मारली, "बाई, जरा इकडं या बरं."

साधनाताई आल्या. सरही त्या दिवशी मुक्कामाला होते, तेही मागोमाग आले.

"हे बघा. पायाला खोबऱ्याच्या तेलाचा डाग. कोनाच्या डोक्याचा? त्या पोरीच्या. रोज पुसते, पर दर बाजारी आजून गडद व्हतो. अन् हे वर बघा, फटीत त्या पोराच्या घोंगडीची लोकर. बाकी समदा बाक साफ हाय. बाई, तुमी बाकावरचंच मोजून राहिल्या. खालचं कोन मोजायचं?"

साधनाताईंनी वाकून डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मावशी, मग ती वर का बसत नाही?"

"आता गं माय! समोर सासरा खुर्चीत बसल्याला. आमच्या मेंढरामागच्या लोकांत सून सासऱ्यापुढं नवऱ्याच्या बराबरीनं बसत न्हाई, जीव गेला तरी बसायची न्हाई. अन् नवरा बी बापापुढं बायकोसंगं बोलत न्हाई. तुमी तिला वर बस म्हनता, ती शरमेनं आजून खाली जाती. कळपातलं दुखनाईत मेंढरू बाजूला जाऊन उभं ऱ्हातं. ही बाजूला न्हाई गेली बाई, ही टेकून बसली."

"पण मावशी," सर म्हणाले, "नुसत्या डागावरून..."

"सर, मी न शिकल्याली बाई हाय. पर तेल कुठल्या डोक्याचं अन् लोकर कुठल्या घोंगडीची, एवढं मला कळतं."

साधनाताई मटकन माझ्यावर बसल्या. "वडीलधारं माणूस समोर असावं, हा नियम माझाच, मावशी," त्या म्हणाल्या. "मीच त्या पोरीच्या तोंडाला कुलूप लावलं आणि मीच लिहिलं की ती बोलत नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. शिकलेल्या माणसानं आपली चूक अशी दुसऱ्यांदेखत कबूल केलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळी आली. संपतरावांनी जाता जाता बाजारात विकायला एक करडू आणलं होतं, ते कडुनिंबाला बांधलं. ते खुर्चीत टेकतात न टेकतात तोच चंद्रभागाबाई दारातून म्हणाल्या, "पाव्हणं, तुमचं करडू ढासून राहिलं. जरा बघता का?" संपतराव उठून बाहेर गेले. करडू ठणठणीत होतं, खोकला नव्हता की काही नाही. पण चहा आला, मग गोष्टी निघाल्या, कोणाचा कळप कुठं, चारा कुठं. साधनाताई आणि सर आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मग चंद्रभागाबाईंनी करडू आत आणून माझ्या पायाला बांधलं. "भाईर ऊन हाय," एवढंच बोलून त्या गेल्या.

खोलीत दोघं उरली. दोघं आणि एक करडू. आणि मी.

दीपमाला खालीच होती. सासरा समोर नसला तरी सवय कुठली सुटायला! एकदम शिवहार उठला. मला वाटलं, संपलं, हा निघाला. माझ्या फळ्याच गार पडल्या. पण तो दाराकडं गेला नाही. तो खाली वाकला आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

मी रिकामा झालो. नवरा-बायकोनं बसावं म्हणून आणलेल्या बाकावर कोणीच नव्हतं, आणि तसा आनंद मला माणसांनी भरलेला असतानाही कधी झाला नव्हता.

शिवहारनं करडाच्या पाठीवर हात ठेवला. "करडा, सांग तिला," तो म्हणाला, "मी आलतो."

दीपमालानं मान वर केली. तीही करडालाच म्हणाली, "करडा, इचार त्यायला, आलते तर दिसले कसे न्हाई?"

"आमी वाशीमच्या पल्याड व्हतो. निरोप चार दिसानं घावला. दोन दिस पायी चाललो. आलो तवा ती झोपली व्हती. कपाळ नुसतं तव्यावानी. पायाशी गेल्याली गोधडी मी तिच्या आंगावर घातली. आबा म्हनले, बायकोचं लेकरू झाला का, कळप कोनाच्या भरोशावर सोडला? दिस मावळायच्या आत माघारी लावलं मला."

दीपमालाचा पदर ढळला, तो तिनं सावरला नाही. आणि करडाला बाजूला सारून तिनं थेट विचारलं, "मंग मला सांगितलं काहून न्हाई?"

"कवा सांगू? घरात आबा, आंगनात आई. आपल्याला बोलायला जागाच कुठं हाय?"

"मला वाटलं, मी मेले आसते तरी..." ती रडू लागली. शिवहारही रडला. घोंगडीच्या टोकानं त्यानं आधी तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे. करडाला मात्र त्याचं काही नव्हतं. माझ्यावर सरांचे छापील कागद ठेवले होते, त्यातलं संवादाचं पान ओढून ते आरामात चघळत बसलं.

तेवढ्यात दाराबाहेर चपलांची चाहूल लागली. संपतराव चहा संपवून आले होते. घरात शिरताना म्हातारी माणसं आधी खाकरतात, म्हणजे सुनेला पदर घ्यायला वेळ मिळतो. संपतराव उंबऱ्याशी आले. आतलं रडणं त्यांनी ऐकलं, 'आबा' हा शब्दही ऐकला असावा. मी त्यांच्या खाकरण्याची वाट पाहत होतो. ते खाकरले नाहीत. तसेच दबक्या पावलांनी मागं फिरले आणि कडुनिंबाखाली जाऊन म्हणाले, "चंद्रभागाबाई, आजून एक कोप चहा मिळंल का?"

त्या दिवशी फारकत झाली नाही. दीपमाला तिथूनच सासरी गेली. करडू विकायचं राहिलं, तेही तिच्या मांडीवर बसून जीपमधून परत गेलं.

साधनाताईंनी वहीतलं ते वाक्य खोडलं नाही. त्याखाली लिहिलं, 'हे माझं चुकलं. कसं चुकलं ते पुढं लिहिते.' आणि चार पानं लिहिली. त्यानंतर केंद्राचा नियम बदलला. आधी जोडप्याला विचारायचं, तुम्ही घरी कसे बसता? वडीलधाऱ्यांना बाहेर चहा, आणि दोघांना आत वेळ. सरांनीही आपल्या चाळीस प्रश्नांना रजा दिली नाही, पण एकेचाळिसावा वाढवला : 'तुम्हाला दोघांना बोलायला घरात जागा आहे का?' सर सांगायचे, त्या एका प्रश्नानं त्यांना बाकीच्या चाळिसांहून जास्त कळलं.

दोन हजार एक साली सरांचा अहवाल छापून आला. शेवटच्या पानावर या कामाला हातभार लावणाऱ्या तज्ज्ञांची नावं होती. त्यात साधनाताईंच्या खालोखाल छापलं होतं, 'चंद्रभागाबाई, कळमनुरी.' साधनाताईंनी ते त्यांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी आपलं नाव बोटानं चाचपून पाहिलं, खूप लाजल्या आणि म्हणाल्या, "बाकाचं नाव लिवलं का? समदं तर त्यानंच ऐकलं." मित्रांनो, एवढा मान मला पुन्हा कोणी दिला नाही.

पुढं साधनाताईंना मोठ्या केंद्रावरून बोलावणं आलं आणि त्या गेल्या. चंद्रभागाबाई लेकीसोबत दुसऱ्या गावी गेल्या. खोल्यांत प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, कानामागून आल्या आणि तिखट झाल्या. मला मागच्या अंगणात टाकलं. माझ्यावर सिमेंटची पोती रचली. तेल नाही, फडकं नाही. चार पावसाळे मी तसाच भिजलो. डाव्या पायाला वाळवी लागली. दोन माणसांचं मन जिथं मोकळं झालं, तिथं आता मांजरही बसेना, याचं मला फार दुःख व्हायचं.

एका बाजारी शिवहार त्या घरावरून जात होता. कुंपणातून त्याला माझ्या पांढऱ्या रेघा दिसल्या. घरमालकाला विचारून त्यानं मला जीपच्या टपावर चढवलं. घरी नेऊन कुजलेला पाय बदलला. उजवा पाय, तो तेलाच्या डागाचा, तसाच ठेवला. आणि मग तुमच्या शाळेला देऊन टाकलं. घरी का ठेवलं नाही? तर म्हणे, "आबापुढं बाकावर कोन बसनार?"

आता परवाची गोष्ट. शाळेत पालकांची सभा होती, तुम्ही मैदानात खेळत होता. तुमच्या चौथीतली ती दोन वेण्यांची, गोट्यांत सगळ्यांना हरवणारी पोरगी आहे ना, तिचे आईवडील आणि आजोबा आले. आजोबा म्हणजे संपतराव. आता त्यांची पाठ वाकली आहे. ते माझ्या डाव्या कडेला बसले, शिवहार उजव्या कडेला बसला. दीपमाला सवयीनं पदर ओढून खाली बसू लागली. संपतरावांनी तिच्याकडं बघितलं. मग ते काठी टेकून थोडे आणखी कडेला सरकले आणि त्यांनी माझ्या फळीवर थोपटलं.

"वर बस, माय. तिघांपुरती जागा हाय."

ती घुटमळली. शिवहारनं बापाकडं बघितलं. मग ती बसली, मधोमध, अंग चोरून. पण बसली. मोजायला साधनाताई नव्हत्या, म्हणून मी मोजलं. शिवहार आणि तिच्यात बोटभरही जागा नव्हती. उरलेली एक वीत सासऱ्याच्या मानासाठी सुटली होती.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. घरी आईबाबा दोघंच बोलत बसलेले दिसले, तर जरा वेळ बाहेर खेळा. मधे पाणी मागू नका. आणि घरी जवसाचं तेल असेल तर चमचाभर माझ्यासाठी आणा. पुढच्या महिन्यात पुन्हा सभा आहे आणि ती तिघं येणार आहेत. माझा डावा पाय आताशा करकरतो, आणि तिच्या बसण्यानं करकरलो तर ती लाजून उठायची.